उंचीची नोंद आणि रक्ताची चाचणी : पोष ग्रंथीच्या विकारांचे निदान

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा मुख्यतः शेतीवर जगतो. सोयाबीन, तूर आणि कापूस ही येथील प्रमुख पिके. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांचा जो कार्यक्रम हाती घेतला त्यातही वाशिमचा समावेश झाला. अशा जिल्ह्यात सकस आहार, शुद्ध पाणी आणि सुरक्षित बाळंतपण हे आरोग्याचे पहिले प्रश्न असताना पोष ग्रंथीसारख्या क्वचित आढळणाऱ्या विकारांच्या चाचण्यांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या आरोग्य तपासणीच्या तक्त्यात आहे. वर्गातील एखादे मूल दरवर्षी पहिल्या रांगेत उभे केले जाते, त्याच्या पाठची भावंडे त्याच्या खांद्याच्या वर जातात, आणि ‘घराण्यातच उंची नाही’ किंवा ‘खात नाही, म्हणून वाढत नाही’ असे म्हणून विषय संपतो. पुष्कळदा हे निदान बरोबरही असते. परंतु ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत ते चुकते, त्यांचे नुकसान पुढे भरून काढता येत नाही. हाडांच्या टोकांजवळ वाढीच्या ज्या कोवळ्या चकत्या असतात त्या किशोरवयाच्या अखेरीस जुळून कायमच्या बंद होतात. त्यानंतर कितीही महागडे औषध दिले तरी उंची वाढत नाही. म्हणून निदान वेळेवर होणे महत्त्वाचे. आणि ते वेळेवर होण्याची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, ती अंगणवाडीत आणि शाळेत होते.

लहानशी ग्रंथी, मोठा कारभार

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळाच्या मागील बाजूस, कवटीच्या हाडातील एका लहानशा खोबणीत पोष ग्रंथी असते. डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात. आकाराने ती हरभऱ्याच्या टपोऱ्या दाण्याएवढी आणि वजनाने सुमारे अर्धा ग्रॅम असते. शरीरातील इतर ग्रंथींना कामाला लावणारे स्राव ती थेट रक्तात सोडते. या स्रावांना संप्रेरके म्हणतात.

ग्रंथीच्या पुढील भागातून वाढीचे संप्रेरक पाझरते. गळ्यातील अवटू ग्रंथीला, म्हणजे थायरॉईडला, चालना देणारे संप्रेरक त्याच भागातून येते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना जागे ठेवणारे, वयात येताना बीजकोश व वृषण यांना कार्यप्रवृत्त करणारे आणि मातेच्या स्तनात दूध निर्माण करणारे स्रावही तेथूनच निघतात. मागील भागातून शरीरातील पाणी राखणारा स्राव बाहेर पडतो. जिल्हा कचेरीतून सूचना गेल्यावर तालुक्यांची कामे हलावीत, तशी ही व्यवस्था आहे. तालुक्यातून अहवाल आला की कचेरी पुढील सूचना कमी किंवा जास्त करते. शरीरातही तसेच होते. रक्तात थायरॉईडचा स्राव पुरेसा झाला की पोष ग्रंथी आपली सूचना आवरती घेते. ही परतफेरीची व्यवस्था ध्यानात ठेवली की पुढील बहुतेक चाचण्यांचा अर्थ आपोआप उलगडतो.

पहिली चाचणी : मोजपट्टी

वाढीच्या विकारातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची चाचणी म्हणजे उंचीचे अचूक मोजमाप. त्यासाठी रक्त काढावे लागत नाही. मात्र मोजमाप नेटके हवे. मुलाने पादत्राणे काढावीत. मुलीची वेणी किंवा अंबाडा डोक्याच्या मध्यावर असेल तर तो सोडवावा. टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला किंवा उंचीमापकाच्या दांड्याला टेकलेली असावीत, नजर सरळ समोर असावी आणि डोक्यावर ठेवलेली फळी काटकोनात असावी. दोन वर्षांखालील मुलाची लांबी आडवे झोपवून मोजावी. शक्य तर दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच साधनाने मोजमाप घ्यावे. दोन सेंटिमीटरची चूक एका मुलाला निष्कारण रोगी ठरवू शकते, तर दुसऱ्याचा रोग झाकूनही ठेवू शकते.

उंचीइतकीच महत्त्वाची आहे जन्मतारीख. पूर्वी शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली की ‘१ जून’ लिहून मोकळे होण्याचा प्रघात अनेक गावांत होता. जनरल रजिस्टरातील अशी तारीख मुलाचे वय काही महिन्यांनी, क्वचित वर्षानेही, मागेपुढे करते. वय चुकले की वाढीच्या तक्त्यावरील बिंदू चुकतो आणि त्यावर उभारलेले सारे अनुमान ढासळते. जन्मनोंदणीचा दाखला पाहूनच वय मोजण्याचा आग्रह शिक्षकांनी धरला, तर ते वैद्यकीय मदतीचेच काम ठरेल.

मोजलेली उंची कशाशी ताडून पाहायची, हा पुढचा प्रश्न. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते वापरले जातात. पाच ते अठरा या वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये भारतीय मुलांच्या मोजमापांवर आधारलेले तक्ते प्रसिद्ध केले. या विषयात पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेतील डॉ. वामन खाडिलकर व डॉ. अनुराधा खाडिलकर यांचे काम मोलाचे आहे. तक्त्यावरील सर्वांत खालच्या, तिसऱ्या शतमान रेषेचा अर्थ असा की त्याच वयाच्या व लिंगाच्या शंभर निरोगी मुलांपैकी तीन मुले त्या रेषेखाली असणारच. म्हणजे रेषेखाली असणे हा रोग नव्हे. अधिक बारकाईने पाहण्याची ती सूचना आहे.

खरी पारख वाढीच्या वेगाची. जन्माच्या वेळी मूल सुमारे ५० सेंटिमीटर लांब असते. पहिल्या वर्षी ते सुमारे २५ सेंटिमीटर, दुसऱ्या वर्षी १० ते १२ सेंटिमीटर वाढते. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाकाठी ५ ते ६ सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते. या काळात वर्षाला ४ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल तर त्या मुलाची तपासणी झालीच पाहिजे.

उदाहरणादाखल नऊ वर्षांची दोन मुले घेऊ. पहिल्याची उंची ११७ सेंटिमीटर. वर्षाने ती १२२.५ झाली. दुसऱ्याची १२४ सेंटिमीटर. वर्षाने ती १२७ झाली. रांगेत पहिला मुलगा बुटका दिसेल आणि सर्वांची नजर त्याच्याकडेच जाईल. परंतु तो वर्षात साडेपाच सेंटिमीटर वाढला आहे. दुसरा मात्र तीनच सेंटिमीटर वाढला आहे आणि काळजी त्याची करावयास हवी. ही गोष्ट एका वर्षाच्या आकड्यात दिसत नाही. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवल्यावरच दिसते. मागील वर्षाचा तक्ता जपून ठेवण्याचे महत्त्व यातच आहे.

आईवडिलांच्या उंचीचाही हिशेब घ्यावा लागतो. दोघांच्या उंचीची सरासरी काढून मुलासाठी तीत साडेसहा सेंटिमीटर मिळवावेत, मुलीसाठी तेवढेच वजा करावेत. वरील पहिल्या मुलाचे वडील १५७ आणि आई १४६ सेंटिमीटर असेल, तर सरासरी १५१.५ आणि अपेक्षित उंची सुमारे १५८ सेंटिमीटर येते. तो मुलगा आपल्या घराण्याच्या वाटेनेच चालला आहे, असा याचा अर्थ.

आधी साधी कारणे

महाराष्ट्रात उंची कमी राहण्याचे सर्वांत मोठे कारण ग्रंथींचा दोष हे नाही. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. वाढीच्या संप्रेरकाचा अभाव हा विकार मात्र सर्वसाधारणपणे चार ते दहा हजार मुलांत एखाद्याला होतो. पहिला आकडा आहार, वारंवारचे जुलाब, मातेचे दुर्बल आरोग्य आणि कमी वजनाने झालेला जन्म यांची कथा सांगतो. दुसरा आकडा सांगतो की दर बुटक्या मुलाला संप्रेरकाच्या चाचणीसाठी शहरात धाडणे हा उपाय नव्हे.

दोहोंतील फरक पुष्कळदा डोळ्यांनाही दिसतो. आहार कमी पडला की आधी वजन घटते, मग उंची मागे पडते. मूल हडकुळे दिसते. संप्रेरक कमी पडले की उंची मागे पडते, पण अंग गोलसर राहते. चेहरा वयापेक्षा लहान, बाहुलीसारखा दिसतो. असे मूल सहसा बुद्धीने मंद नसते. त्याला वयापेक्षा लहान समजून खालच्या वर्गात बसविणे हा त्याच्यावर अन्याय होय.

म्हणून तज्ज्ञ डॉक्टर पायरीपायरीने जातात. प्रथम साध्या चाचण्या होतात : रक्तपेशींची गणना, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड व यकृत यांच्या कार्याच्या चाचण्या, लघवी आणि शौच यांची तपासणी. विदर्भात सिकलसेल आजार आढळतो आणि त्यानेही वाढ खुंटते. तेव्हा त्याची चाचणी वगळता येत नाही. थायरॉईडची चाचणी तर अनिवार्यच. मुलगी असेल आणि कारण सापडत नसेल, तर गुणसूत्रांची तपासणी करतात. कारण टर्नर विकारात मुलीच्या पेशींमध्ये एक एक्स गुणसूत्र पूर्णतः किंवा अंशतः नसते आणि कमी उंची हेच त्याचे कधी कधी एकमेव दृश्य लक्षण असते.

याच टप्प्यावर डाव्या हाताच्या पंजाचे व मनगटाचे क्ष-किरण चित्र काढतात. त्यावरून हाडांचे वय कळते. दहा वर्षांच्या मुलाची हाडे सात वर्षांची दिसली, तर वाढीला अजून अवकाश आहे असे समजते. काही मुलांत हा केवळ उशिरा वयात येण्याचा कौटुंबिक प्रकार असतो. अशी मुले पुढे आपली उंची गाठतात. मात्र वाढीचा वेगही मंद असेल, तर पुढील पायरी चढावी लागते.

एकाच रक्तनमुन्याने का भागत नाही

रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण अतिशय सूक्ष्म असते. ते नॅनोग्रॅममध्ये मोजतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतके सूक्ष्म मोजमाप विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शक्यच नव्हते. अमेरिकेत रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी द्रव्याच्या साह्याने संप्रेरके मोजण्याची पद्धत १९५९ च्या सुमारास सिद्ध केली. तिच्याबद्दल यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ मध्येच निवर्तले होते. आज बहुतेक प्रयोगशाळांत किरणोत्सारी द्रव्याऐवजी प्रकाश देणारी रसायने वापरतात, पण तत्त्व त्याच घराण्यातले आहे.

मोजता येते म्हणून कधीही मोजावे असे मात्र नाही. वाढीचे संप्रेरक दिवसभर सारख्या धारेने वाहत नाही. ते लाटांनी येते, आणि मोठ्या लाटा गाढ झोपेत येतात. रक्तात आलेला स्राव वीस मिनिटांच्या सुमारास निम्मा होतो. दोन लाटांच्या मधल्या वेळात निरोगी मुलाच्या रक्तातही त्याचे प्रमाण जवळजवळ शून्य असते. नदीच्या कोरड्या पात्राकडे उन्हाळ्यात पाहून पावसाळ्याचा अंदाज करावा, तसेच सकाळी अकरा वाजता काढलेल्या एका नमुन्यावरून निदान करणे होय. अहवालात ‘०.२’ आले म्हणून मूल रोगी ठरत नाही. नवजात बाळाच्या रक्तातील साखर वारंवार घसरत असेल, तेव्हाचा एकच नमुना उपयोगी पडू शकतो. हा अपवाद समजावा.

मग डॉक्टर आयजीएफ-१ या घटकाची चाचणी सांगतात. वाढीच्या संप्रेरकाच्या आदेशावरून हा घटक मुख्यतः यकृतात तयार होतो आणि त्याची पातळी दिवसभर बरीच स्थिर राहते. त्यासाठी एक नमुना पुरतो. पण त्याचा अर्थ लावताना वय, लिंग आणि वयात येण्याची अवस्था पाहावी लागते. सहा वर्षांच्या मुलाची योग्य पातळी चौदा वर्षांच्या मुलात कमी ठरते. शिवाय कुपोषण, यकृताचे आजार, थायरॉईडची कमतरता आणि अनियंत्रित मधुमेह यांतही आयजीएफ-१ खाली येतो. कुपोषित मुलात तर वाढीचे संप्रेरक पुष्कळदा वाढलेले आणि आयजीएफ-१ कमी असते. आदेश सुटतो, पण तो अमलात आणायला सामग्री नसते. अशा मुलाला इंजेक्शनाची नव्हे, जेवणाची गरज आहे.

उत्तेजन चाचणी

संशय कायम राहिला तर ग्रंथीला मुद्दाम चालना देऊन तिची ताकद अजमावतात. हिला उत्तेजन चाचणी म्हणतात. मूल रात्रभर उपाशी राहून सकाळी रुग्णालयात येते. शिरेत एक बारीक नळी बसवितात, म्हणजे पुन्हा पुन्हा टोचावे लागत नाही. पहिला नमुना घेऊन क्लोनिडिन, ग्लुकॅगॉन, अर्जिनीन किंवा इन्सुलिन यांपैकी एक औषध देतात आणि साधारणतः दर अर्ध्या तासाने दीड ते तीन तास नमुने घेतात. यांतील सर्वांत वरचा आकडा निदानासाठी महत्त्वाचा.

प्रत्येक औषधाची आपली सावधगिरी आहे. क्लोनिडिनने रक्तदाब उतरतो आणि झोप येते. चाचणीनंतर मुलाला लगेच बसमध्ये उभे करून गावी नेऊ नये. इन्सुलिनने रक्तातील साखर मुद्दाम उतरविली जाते; म्हणून ही चाचणी डॉक्टर सतत जवळ असतील अशाच ठिकाणी करतात. पालकांनी उपाशी राहण्याची सूचना तंतोतंत पाळावी; सकाळी दिलेला चहा-बिस्किटांचा नाश्ता सारा खटाटोप वाया घालवू शकतो.

दहा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा पूर्वापार मानली गेली आहे. नव्या पद्धतींमध्ये काही केंद्रे सातच्या आसपासची मर्यादा धरतात. निरोगी मुलेही एखाद्या चाचणीत कमी पडतात, म्हणून सहसा दोन वेगवेगळ्या औषधांच्या चाचण्यांत आकडा कमी आल्यावरच कमतरता सिद्ध मानतात. थायरॉईडची कमतरता असेल तर ती आधी दुरुस्त करावी लागते. लठ्ठपणातही आकडा खोटाच कमी येतो. कमतरता सिद्ध झाल्यावर ग्रंथीचे एमआरआय चित्र काढतात. ग्रंथी जन्मतःच लहान आहे की तेथे गाठ आहे, हे त्यावरून समजते. वाढ खुंटण्याबरोबर डोकेदुखी, उलट्या, दृष्टी मंदावणे किंवा रात्रंदिवस पाणी पिणे व लघवीला जाणे ही लक्षणे असतील, तर चाचण्यांच्या क्रमाची वाट न पाहता मुलाला तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे.

याच्या उलट प्रकारही असतो. ग्रंथीतील गाठीमुळे संप्रेरक जास्त झाले तर वाढत्या वयात मूल अवाढव्य उंच होते. प्रौढात उंची वाढत नाही; पण हातापायांचे पंजे, जबडा आणि नाक रुंदावतात, अंगठी व चप्पल घट्ट होते. येथे चाचणी उलटी फिरते. प्रौढ रुग्णाला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात. निरोगी माणसात त्यानंतर वाढीचे संप्रेरक एका नॅनोग्रॅमच्या खाली दबते. गाठ असलेल्या रुग्णात ते दबत नाही. सूत्र सोपे आहे : कमतरतेचा संशय असेल तर ग्रंथीला डिवचून पाहावे, आधिक्याचा संशय असेल तर तिला दाबून पाहावे.

प्रौढांतील दोन कारणे

पोष ग्रंथीचे विकार मुलांपुरते नाहीत. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला तर ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून तिचा काही भाग मरतो. ब्रिटिश वैद्य हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये या विकाराचे वर्णन केले. अशा मातेला दूध येत नाही, पाळी परत येत नाही, पुढे थकवा, थंडी सहन न होणे, रक्तदाब कमी राहणे ही लक्षणे वर्षानुवर्षे चालतात आणि त्यांना अशक्तपणा म्हणून सोडून दिले जाते. आशा कार्यकर्तीने ‘बाळंतपणात किती रक्त गेले, आणि अंगावर दूध आले का’ हे दोन प्रश्न विचारले तरी दिशा सापडू शकते.

दुसरे कारण शेतातले. घोणस या सापाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, आणि काही रुग्णांत पोष ग्रंथीत रक्तस्राव होतो. ब्रह्मदेशातील अशा रुग्णांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातूनही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. दंशातून वाचलेला शेतकरी महिनोन्‌महिने गळून गेलेला असेल, तर ही शक्यता डॉक्टरांच्या कानावर घालावी.

या रुग्णांच्या चाचण्यांत एक फसवी जागा आहे. थायरॉईडच्या साध्या विकारात थायरॉईडचा स्राव घटतो आणि त्याला चालना देणारे टीएसएच वाढते. म्हणून अनेक ठिकाणी केवळ टीएसएच पाहतात. पण दोष पोष ग्रंथीतच असेल तर टीएसएच वाढूच शकत नाही. ते ‘सामान्य’ दिसते आणि रुग्णाला निरोगी ठरविले जाते. म्हणून सोबत मुक्त टी-४ ही चाचणी हवी. त्याचबरोबर सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल तपासतात. ते दर डेसिलिटरला ३ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर कमतरता बहुधा निश्चित, १५ पेक्षा जास्त असेल तर ती संभवत नाही. मधल्या आकड्यांसाठी पुढील चाचणी लागते. कॉर्टिसॉलची कमतरता भरून काढण्यापूर्वी थायरॉईडची गोळी सुरू केली तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. हा क्रम डॉक्टरच ठरवितात. औषध दुकानातून गोळी आणून सुरू करणे धोक्याचे.

अहवाल हाती आल्यावर

अहवालातील आकडा एकटा कधीच वाचू नये. त्याच्याबरोबर पाच गोष्टी पाहाव्यात. नमुना किती वाजता घेतला? रुग्ण उपाशी होता का? आकडा कोणत्या एककात आहे? शेजारी छापलेली मर्यादा त्याच वयाची व लिंगाची आहे का? आणि रुग्ण कोणती औषधे घेत होता? स्टेरॉईडच्या गोळ्यांनी, दम्याच्या फवाऱ्यानेसुद्धा, कॉर्टिसॉल कमी दिसू शकते. उलटीवरील काही सामान्य गोळ्यांनी प्रोलॅक्टिन हा दुधाचा स्राव वाढतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनने काही यंत्रांचे आकडेच चुकतात. दोन प्रयोगशाळांच्या पद्धती वेगळ्या असल्याने त्यांच्या आकड्यांची थेट तुलनाही करू नये. पुढील चाचणी शक्यतो त्याच ठिकाणी करावी.

उपचार आणि शासकीय साहाय्य

वाढीच्या संप्रेरकाचा उपचार १९५८ मध्ये प्रथम यशस्वी झाला. तेव्हा ते मृत व्यक्तींच्या पोष ग्रंथींतून काढीत. त्यातून काही रुग्णांना मेंदूचा प्राणघातक रोग झाल्याचे १९८५ मध्ये उघड झाले आणि ती पद्धत अमेरिका, ब्रिटन आदी देशांत थांबविण्यात आली. त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनविलेले संप्रेरक उपलब्ध झाले. आज तेच वापरतात. ते सामान्यतः रोज रात्री त्वचेखाली टोचावे लागते आणि उपचार वर्षानुवर्षे चालतो. तोंडाने घेण्याची भुकटी किंवा चूर्ण याची जागा घेऊ शकत नाही. ‘महिन्यात उंची वाढवा’ अशा जाहिरातींवर खर्च झालेला पैसा तर जातोच. पण मुलाचे जे वर्ष जाते ते अधिक मोलाचे असते.

उपचार महाग आहे, हे खरे. परंतु वाट पूर्णतः बंद नाही. केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मीळ रोगविषयक राष्ट्रीय धोरणात सिद्ध झालेल्या संप्रेरक-अभावावरील आणि टर्नर विकारावरील वाढीच्या संप्रेरकाच्या उपचाराचा समावेश दुसऱ्या गटात करण्यात आला. २०२२ मध्ये या धोरणाखालील साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. हे साहाय्य ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक आहे. अर्थात, त्यासाठी निदान चाचण्यांनी सिद्ध झालेले असावे लागते. चाचण्यांचा क्रम नीट पार पाडण्याचे आणि प्रत्येक कागद जपण्याचे हे आणखी एक कारण.

गावापासून तेथवरचा मार्ग आखलेला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची एकदा तपासणी करतात. पथकाने निवडलेले मूल ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञाकडे जाते आणि गरजेनुसार अकोला किंवा नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठविले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्‌घाटन झाले; त्यांत वाशिमचाही समावेश आहे.

या साखळीतील पहिली कडी गावातच आहे. अंगणवाडी सेविकेने आणि शिक्षकाने उंची नीट मोजावी, मागील वर्षाचा आकडा शेजारी लिहावा, दोहोंतील फरक काढावा आणि तो चारपेक्षा कमी असेल तर त्या नावापुढे खूण करावी. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी शाळेतील व अंगणवाडीतील उंचीमापक धड आहे का, हे पाहावे. मोडका असेल तर तो बदलून घ्यावा. मुख्याध्यापकांनी खूण केलेल्या नावांची यादी पथकाच्या हाती द्यावी आणि ती मुले पुढे रुग्णालयात पोचली की नाही, याची चौकशी करावी. प्रयोगशाळेतील यंत्र कितीही सूक्ष्म मोजीत असले, तरी त्याच्यासमोर कोणाचा नमुना ठेवायचा हे शाळेच्या भिंतीवरील मोजपट्टीच ठरवीत असते.